शब्दाची जन्मकथा खरी की रचलेली, हे कसे पडताळावे

‘गु’ म्हणजे अंधार आणि ‘रु’ म्हणजे तो दूर करणारा, म्हणून अज्ञानाचा अंधार घालवतो तो गुरू, ही व्युत्पत्ती आपल्यापैकी बहुतेकांनी कुठे ना कुठे ऐकलेली असते. ती सुंदर आहे, एकदा ऐकली की विसरत नाही, आणि अद्वयतारक उपनिषदात ती जवळजवळ याच शब्दांत आलेली असल्यामुळे तिच्याविषयी शंका घ्यावी असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. संस्कृतात मात्र ‘गुरु’ हे मुळात ‘जड, वजनदार’ या अर्थाचे विशेषण आहे. ‘गुरुत्वाकर्षण’ या शब्दात आणि छंदःशास्त्रातल्या लघु-गुरू अक्षरांत तो अर्थ आजही जसाच्या तसा टिकून आहे, ‘गरिमा’ आणि ‘गरिष्ठ’ हे त्याच कुळातले शब्द आहेत, आणि लॅटिनमधला ‘ग्राविस’ व ग्रीकमधला ‘बारूस’ हे याच अर्थाचे शब्द त्याचे दूरचे भाऊबंद आहेत. ज्याच्या शब्दाला वजन आहे तो गुरू, असा अर्थाचा प्रवास इथे झालेला आहे, आणि मला तो अंधार-प्रकाशाच्या कथेइतकाच मोलाचा वाटतो.

येथे दोन वेगवेगळे प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात. एखाद्या परंपरेने शब्दात कोणता अर्थ पाहिला, हा एक प्रश्न. आणि तो शब्द प्रत्यक्षात कोणत्या वाटेने आपल्यापर्यंत आला, हा दुसरा. उपनिषदातले निर्वचन, म्हणजे शब्द फोडून लावलेला अर्थ, पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे आणि त्या जागी ते योग्यच आहे. चूक होते ती ते दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून सांगितले जाते तेव्हा. पडताळणीला बसण्यापूर्वी आपण कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधत आहोत, हे स्वतःशी ठरवून घ्यावे. पुढचे सर्व विवेचन दुसऱ्या प्रश्नापुरते आहे.

शब्द फोडून सांगितलेली व्युत्पत्ती

आपल्याकडे सर्वांत जास्त आढळणारा प्रकार हा आहे. शब्दाचे दोन तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याला एक अर्थ द्यायचा आणि ते अर्थ जोडून एक वाक्य तयार करायचे. संस्कृतात खरोखरच उपसर्ग, प्रत्यय आणि समास यांची इतकी समृद्ध व्यवस्था आहे, की अशी फोड आपल्याला चटकन पटते. खरी फोड आणि ओढूनताणून केलेली फोड यांतला फरक ओळखण्यासाठी तीन गोष्टी पाहाव्यात. ते तुकडे त्याच अर्थाने इतर शब्दांत किंवा वाक्यांत स्वतंत्रपणे येतात का? शब्दाचे उरलेले कुटुंब त्या फोडीशी जुळते का? आणि तोच शब्द बहीणभाषांत, म्हणजे एकाच मूळ भाषेतून निघालेल्या इतर भाषांत, सापडतो का? सापडत असेल तर ती फोड तिथेही लागू पडते का?

तिसरी कसोटी विशेष उपयोगी आहे. ‘पुत्’ नावाच्या नरकातून तारतो तो ‘पुत्र’, ही व्युत्पत्ती मनुस्मृतीत आहे आणि वैदिक शब्दांचे अर्थ लावणाऱ्या यास्काच्या ‘निरुक्त’ या प्राचीन ग्रंथातही इतर पर्यायांबरोबर तिची नोंद आहे. पण संस्कृतची बहीण असलेल्या इराणी शाखेतल्या, पारशी धर्मग्रंथ अवेस्ताच्या भाषेत मुलाला ‘पुथ्र’ म्हणतात, आणि ‘शापूर’ या इराणी राजनामाचा अर्थही ‘राजाचा मुलगा’ असाच आहे. इराणी परंपरेत पुत् नावाचा नरक नाही. याचा अर्थ असा, की संस्कृत आणि इराणी भाषा वेगळ्या होण्यापूर्वीच हा शब्द ‘मुलगा’ या अर्थाने तयार होता आणि नरकाची कथा त्याच्यावर नंतर बसवली गेली.

याहून विलक्षण गोष्ट अशी, की चुकीची फोड कधीकधी नवा शब्द जन्माला घालते. ‘सुर नव्हे तो असुर’ असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात ऋग्वेदाच्या जुन्या भागांत वरुणासारख्या देवांना ‘असुर’ हे गौरवाने म्हटलेले आहे, आणि अवेस्तातल्या ‘अहुर मज्दा’ या परमेश्वराच्या नावात तोच शब्द आहे. शब्दाचा अर्थ पुढे पालटला, आरंभीचा ‘अ’ हा नकाराचा आहे असे लोकांना वाटू लागले, आणि तो काढून टाकून ‘सुर’ हा देवांसाठीचा शब्द तयार झाला. म्हणजे मुलगा बापाच्या आधी जन्माला आला. ‘विधवा’ या शब्दाचेही तसेच आहे. ‘धव म्हणजे पती, तो गेलेली ती विधवा’ ही फोड मी स्वतः अनेक वर्षे निःशंकपणे सांगत असे, आणि यास्कानेही ती दिलेली आहे. परंतु लॅटिनमधला ‘विदुआ’ आणि इंग्रजीतला ‘विडो’ हे याच शब्दाचे सगोत्र, म्हणजे एकाच मूळ शब्दातून आलेले भाऊबंद आहेत, आणि त्या भाषांत ‘धव’ कुठेच नाही. मूळ शब्द अखंड होता. ‘वि’ हा उपसर्ग समजून तो वेगळा काढल्यावर ‘धव’ उरला आणि त्याला पतीचा अर्थ मिळाला.

‘दुहिता’ म्हणजे गाईची धार काढणारी, ही व्युत्पत्ती अलीकडे फार आत्मविश्वासाने सांगितली जाते. तिच्या बाबतीत एवढे लक्षात घ्यावे, की यास्काने तिच्याबरोबर ‘दूर दिलेली बरी’ अशा अर्थाच्या फोडीही नोंदवल्या आहेत. एका शब्दाला तीन-चार फोडी लागू पडत असतील तर त्या सगळ्या खऱ्या असू शकत नाहीत, आणि त्यांतली एक केवळ आवडली म्हणून निवडणे हा पुरावा होत नाही. ‘दुहिता’ आणि इंग्रजीतला ‘डॉटर’ हे सगोत्र आहेत, हे मात्र पक्के आहे.

ही चिकित्सा आपल्याकडे बाहेरून आली असे कोणी मानू नये. निरुक्तातच गार्ग्य या प्राचीन आचार्याचा आक्षेप दिलेला आहे. ‘अश्’ म्हणजे व्यापणे या धातूपासून ‘अश्व’ झाला असेल, तर जो जो रस्ता व्यापतो त्या प्रत्येकाला अश्व का म्हणू नये, असा प्रश्न त्याने विचारला. प्रत्येक नाम धातूपासूनच झाले आहे हे शाकटायन या वैयाकरणाचे मत त्याला मान्य नव्हते. यास्काने शाकटायनाची बाजू घेतली आणि अक्षरा-वर्णाच्या साम्यावरूनही निर्वचन करावे, पण निर्वचन केल्यावाचून राहू नये, असे सांगितले. त्याच्यापुढचे काम वेदमंत्रांचा अर्थ लावण्याचे होते, त्यामुळे ही भूमिका समजण्यासारखी आहे. शब्दाचा इतिहास शोधणाऱ्याने मात्र गार्ग्याचा प्रश्न जवळ बाळगावा.

आद्याक्षरांच्या कथा

या प्रकारावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. उत्तर, पूर्व, पश्चिम आणि दक्षिण या दिशांच्या इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांपासून ‘न्यूज’ झाला, किंवा ‘जेंटलमेन ओन्ली, लेडीज फॉरबिडन’ या वाक्यापासून ‘गोल्फ’ झाला, असे सांगणारी कथा समोर आली की शब्दाची सर्वांत जुनी नोंद शोधावी. गोल्फवर स्कॉटलंडच्या संसदेने १४५७ मध्ये बंदी घातली होती, म्हणजे शब्द त्याआधीच रूढ होता. ‘न्यूज’ हा ‘नवे’ या अर्थाच्या विशेषणापासून झालेला शब्द आहे. आद्याक्षरे जुळवून उच्चारता येईल असा शब्द बनवण्याची पद्धत विसाव्या शतकात रुळली. १९४० च्या सुमाराचा ‘रडार’ हे तिचे खरे उदाहरण. संकटसंदेशाची ‘एसओएस’ ही अक्षरे १९०६ मध्ये बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत स्वीकारली गेली ती तीन टिंबे, तीन रेघा, तीन टिंबे हा सांकेतिक क्रम ओळखायला सोपा होता म्हणून. ‘आमचे जीव वाचवा’ हा विस्तार मागाहून जोडला गेला.

या नियमाला एक प्रसिद्ध अपवाद आहे, आणि तो अपवाद का मानायचा हे पाहण्यासारखे आहे. ‘ओके’ हा शब्द ‘ऑल करेक्ट’ या शब्दांच्या मुद्दाम चुकीच्या केलेल्या स्पेलिंगच्या आद्याक्षरांपासून झाला. ही कथा गमतीदार आहे म्हणून आपण ती स्वीकारत नाही. २३ मार्च १८३९ च्या ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये हा शब्द त्याच्या विस्तारासह छापलेला आहे, आणि त्या काळात तिथल्या वृत्तपत्रांत अशी वेडीवाकडी संक्षिप्त रूपे वापरण्याची टूम होती, हे ॲलन वॉकर रीड या अमेरिकी भाषा-अभ्यासकाने १९६० च्या दशकात जुने अंक चाळून दाखवून दिले. तारीख, जागा आणि त्या जागेची तेव्हाची सवय, हे तिन्ही हाती आल्यावरच कथा उभी राहते.

प्रसंगाच्या कथा

परदेशी माणसाने काही विचारले, स्थानिकाला प्रश्न कळला नाही, त्याने भलतेच उत्तर दिले आणि तेच नाव पडले, हा कथेचा साचा जगभर आढळतो. ‘कांगारू’ म्हणजे ‘मला माहीत नाही’, ही त्यातली सर्वांत गाजलेली कथा. १७७० मध्ये जेम्स कुक या इंग्रज दर्यावर्द्याच्या तुकडीने हा शब्द ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावर ऐकला. तिथल्या गूगू यिमिथिर भाषेत ‘गंगुरू’ हे एका जातीच्या कांगारूचे नाव आहे, हे १९७० च्या दशकात जॉन हॅविलंड या भाषाशास्त्रज्ञाने त्या भाषेच्या अभ्यासातून स्पष्ट केले. अशा कथेचा निकाल लावण्याचा मार्ग साधा आहे. ती ज्या भाषेवर शब्द लादते, त्या भाषेचा कोश उघडावा किंवा ती बोलणाऱ्याला विचारावे.

त्या भाषेचे व्याकरणही कधीकधी कथेला अडवते. पोर्तुगिजांनी सुंदर उपसागर पाहून ‘बॉम बाहिया’ म्हटले आणि त्यावरून ‘बॉम्बे’ झाले, असे सांगतात. पोर्तुगीज भाषेत उपसागराचा शब्द स्त्रीलिंगी आहे, त्यामुळे ‘चांगला’ हे विशेषण तिथे ‘बोआ’ असे यायला हवे. ‘बॉम’ हे पुल्लिंगी रूप आहे. आपल्याच भाषेत कोणी ‘चांगला नदी’ म्हणून गावाचे नाव ठेवील का, असा हा प्रश्न आहे.

सारखे दिसते म्हणून एकच आहे असे नाही

फारसीतून आलेला ‘बदनाम’मधला ‘बद’ आणि इंग्रजीतला ‘बॅड’ यांचा उच्चार जवळचा आहे आणि अर्थही एकच आहे, तरी त्यांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. तो निव्वळ योगायोग आहे. उलट ‘चक्र’ आणि इंग्रजी ‘व्हील’, किंवा ‘गो’ आणि ‘काउ’, या जोड्या कानाला परक्या वाटल्या तरी सख्ख्या आहेत. त्यामुळे साम्य हा शोधाचा आरंभ समजावा, शेवट नव्हे.

नाते सिद्ध होते ते ध्वनिबदलाच्या नियमितपणामुळे. संस्कृतात शब्दाच्या आरंभी किंवा दोन स्वरांमध्ये ‘स’ असतो तिथे इराणी भाषांत ‘ह’ येतो, हे एका शब्दात दिसले तर योगायोग म्हणता येईल. पण ‘सप्ताह’शेजारी ‘हप्ता’, ‘सहस्र’शेजारी ‘हजार’, ‘सिंधू’शेजारी ‘हिंदू’ आणि ‘असुर’शेजारी ‘अहुर’ असे एकामागून एक दाखले मिळू लागले की तो नियम ठरतो. मराठीत ‘सप्ताह’ आणि ‘हप्ता’ हे एकाच मूळ शब्दाचे दोन वंशज शेजारी शेजारी नांदत आहेत आणि आपण एक पारायणासाठी व दुसरा कर्जफेडीसाठी वापरतो, याचे मला प्रत्येक वेळी नवल वाटते. त्याचप्रमाणे संस्कृतातल्या ‘प’च्या जागी इंग्रजीत ‘फ’ येतो: पितृ आणि फादर, पाद आणि फूट, पंच आणि फाइव्ह. कोणी नवी जोडी सुचवली तर ती अशा एखाद्या रांगेत बसते का, हे पाहावे.

नाते असले तरी कोणते, हेही विचारावे लागते. ‘नेव्हिगेशन’ हा शब्द ‘नवगति’पासून आला, असे ठामपणे लिहिलेले आढळते. तो लॅटिनमधल्या जहाजवाचक ‘नाविस’ आणि ‘हाकणे’ या अर्थाच्या ‘आगेरे’ यांपासून झालेला आहे. ‘नाविस’ आणि संस्कृत ‘नौ’ ही मात्र खरोखर भावंडे आहेत. भाऊ दाखवून त्याला बाप म्हणणे, हीच अशा असंख्य दाव्यांतली चूक असते. शिवाय ‘नौ’ आणि ‘गति’ यांचा समास ‘नौगति’ होईल, ‘नवगति’ नव्हे.

शब्द उसना घेतलेला असेल तर त्याला येण्यासाठी वाट लागते. चावी, पगार, घमेले, बिजागरी हे शब्द पोर्तुगीज आहेत असे म्हणताना उच्चारसाम्याबरोबर सोळाव्या शतकापासूनचा पश्चिम किनाऱ्यावरचा संपर्कही पाठीशी असतो, आणि हे शब्द वस्तू व व्यवहार यांचे आहेत, जे माणसांबरोबर सहज प्रवास करतात. गावांच्या नावांतला ‘बुद्रुक’ हा फारसी ‘बुजुर्ग’ आहे आणि ‘खुर्द’ म्हणजे लहान. येथे वाट राज्यकारभाराची आणि दफ्तराची आहे.

कोश कोणत्या क्रमाने उघडावेत

मराठी शब्द असेल तर मोल्सवर्थच्या कोशापासून आरंभ करावा. १८३१ मध्ये प्रथम निघालेल्या आणि १८५७ मध्ये सुधारून वाढवलेल्या या कोशात शब्द संस्कृत, अरबी, फारसी किंवा हिंदुस्थानी असल्याचे आद्याक्षराने दाखवलेले असते. तिथली व्युत्पत्ती प्रमाण मानण्यापेक्षा, त्या काळी शब्दाचा अर्थ काय होता हे पाहण्यासाठी त्याचा उपयोग अधिक. त्यानंतर दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ पाहावा, कारण त्यात जुन्या ग्रंथांतले उतारे दिलेले असतात. कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ आणि जुन्या मराठीसाठी तुळपुळे-फेल्डहाउस यांचा १९९९ चा कोश ही पुढची पायरी. शेवटी राल्फ टर्नर यांचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश, ज्यात एकाच शब्दाची सिंधीपासून बंगालीपर्यंतची रूपे एकत्र मांडलेली असतात. मोल्सवर्थ, दाते-कर्वे आणि टर्नर हे तिन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात.

या कोशांत शोधायचे असते ते मधले रूप. साडेतीन या अर्थाचा ‘औट’ हा शब्द संतवाङ्मयात देहाला ‘औट हात’ म्हणताना येतो. तो संस्कृत ‘अर्धचतुर्थ’पासून आला, असे नुसते सांगितले तर कोणाला पटणार नाही. पण प्राकृतातले ‘अद्धुट्ठ’ हे रूप समोर ठेवले, की वाटेतला टप्पा दिसतो; आणि ‘अर्धतृतीय’पासून ‘अड्ढाइज्ज’ व पुढे ‘अडीच’ ही शेजारची साखळी पाहिली, की शंका उरत नाही. चौथा अर्धा म्हणजे साडेतीन, तिसरा अर्धा म्हणजे अडीच, अशी मोजण्याची ती जुनी रीत आहे. ‘सूत्रधार’पासून ‘सुतार’ आणि ‘मातृगृह’पासून ‘माहेर’ या व्युत्पत्ती अशाच मधल्या रूपांच्या आधारावर उभ्या आहेत. ज्या कथेला मधले रूप दाखवता येत नाही, ती तूर्त बाजूला ठेवावी.

अर्थाच्या बदलाकडे मात्र थोड्या उदारपणे पाहावे, कारण तिथे ध्वनीसारखे कडक नियम नाहीत. ‘जाङ्गल’ म्हणजे संस्कृतात विरळ झाडांचा कोरडा प्रदेश. आपले जंगल त्याच्या उलट झाले. ‘राजीनामा’ म्हणजे मुळात संमतीचे पत्र. ‘गोष्ठ’ म्हणजे गोठा, त्यावरून ‘गोष्ठी’ म्हणजे एकत्र जमणे, मग तिथले बोलणे आणि अखेरीस आपली ‘गोष्ट’. यांतला प्रत्येक टप्पा ग्रंथांत सापडतो, म्हणून हा प्रवास कितीही दूरचा वाटला तरी मान्य करावा लागतो.

केवळ विचित्र आहे म्हणून कथा फेटाळू नये, यासाठी त्रिकोणमितीतला ‘साइन’ हा शब्द ध्यानात ठेवावा. भारतीय गणितज्ञांचा शब्द ‘ज्या’ किंवा ‘जीवा’, म्हणजे धनुष्याची दोरी. अरबीत तो ‘जीबा’ असा उसना घेतला गेला. अरबी लेखनात ऱ्हस्व स्वर लिहिले जात नसल्यामुळे तीच अक्षरे ‘जैब’ अशीही वाचता येतात, आणि ‘जैब’ म्हणजे वस्त्राची घडी, छाती. बाराव्या शतकातल्या लॅटिन अनुवादकांनी तोच अर्थ घेऊन ‘सिनुस’ हा शब्द योजला आणि त्याचा पुढे ‘साइन’ झाला. ऐकताना हे रचलेले वाटते. पण संस्कृत, अरबी आणि लॅटिन या तिन्ही भाषांतले ग्रंथ उपलब्ध आहेत आणि प्रत्येक पायरी लिखित आहे.

निकाल कसा लिहावा

खरे किंवा खोटे एवढ्या दोनच खणांत निकाल बसत नाही. शब्दाच्या कथेतले प्रत्येक विधान सुटे करावे आणि प्रत्येकापुढे त्याचा आधार लिहावा. ‘सॅलरी’ हा शब्द घेतला तर लॅटिन ‘सालारिउम’ आणि मीठवाचक ‘साल’ यांचे नाते भक्कम आहे. रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठच दिले जात असे, या विधानाला त्या काळातला लिखित आधार नाही. आणि मीठ विकत घेण्यासाठी पैसे मिळत, हे नंतरच्या अभ्यासकांचे अनुमान आहे. तीन विधाने, खात्रीच्या तीन वेगळ्या पायऱ्या. कोणाला ही कथा सांगायची असेल तर याच क्रमाने आणि याच शब्दांत सांगावी, म्हणजे ऐकणाऱ्याला पक्क्या भागावर विसंबता येते आणि कच्च्या भागाचा नवा पुरावा कुठे शोधायचा हेही कळते.